उशिरा आलेली लाज

लाचेचे एखादे मोठे प्रकरण वर्तमानपत्रांत आले, की सुशिक्षितांच्या बैठकीत हल्ली दक्षिण कोरियाचा दाखला निघतो. "तिकडे आरोप आला की माणूस प्राण देतो, आमच्याकडे तुरुंगातून सुटला की त्याच्या गळ्यात हार घालतात," असे कोणीतरी म्हणतो आणि उरलेले माना डोलावतात. या उद्गारामागील संताप आम्हांस समजतो, आणि तो अस्थानी आहे असेही आम्ही म्हणत नाही. परंतु त्या संतापाच्या भरात आपण आत्महत्येची स्तुती करीत असतो, आणि तीही घरातील मुलांच्या देखत, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ज्या गोष्टीची आपण स्तुती करतो ती खरोखर स्तुत्य आहे काय, तिने कोणाचे ऋण फिटते, आणि आपल्या सातारा-सांगलीच्या भूमीत असे प्रसंग आले तेव्हा काय घडले, याचा थोडा विचार या महिन्यात करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम कोरियाचीच हकीकत पाहू. रोह मू-ह्युन हे गृहस्थ २००३ पासून २००८ पर्यंत त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. गरीब घरात जन्मलेले, विद्यापीठाचे तोंड न पाहता वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले, आणि स्वच्छ कारभाराचे अभिवचन देऊन निवडून आलेले. पदावरून उतरल्यावर पादत्राणांच्या एका धनाढ्य कारखानदाराकडून त्यांच्या कुटुंबास मोठ्या रकमा पोचल्याचा संशय निघाला. २००९ च्या एप्रिलात त्यांनी जाहीर क्षमा मागितली आणि सांगितले, की देणे भागविण्याकरिता आपल्या पत्नीने पैसे घेतले होते. महिनाअखेर त्यांना चौकशीस बोलाविण्यात आले, आणि २३ मे रोजी आपल्या जन्मगावीच त्यांनी आपल्या हाताने आयुष्य संपविले. चौकशी तेथेच थांबली. त्यांच्यावर जीव टाकणारे लाखो लोक त्यांस छळाचे बळी मानतात. त्यांचे विरोधक त्या मृत्यूत अपराधाची कबुली पाहतात. दोहोंपैकी खरे कोण, याचा निवाडा करण्याचा मार्ग त्या दिवशी कायमचा बंद झाला.

२०१५ च्या एप्रिलात सुंग वान-जोंग या माजी लोकप्रतिनिधीने, जो बांधकामाचा मोठा व्यवसाय करीत असे, चौकशी चालू असता प्राण दिला. त्याच्या कपड्यांत एक कागद सापडला; त्यावर आठ बड्या लोकांची नावे होती आणि बहुतेक नावांपुढे आकडे होते. पंतप्रधानांस राजीनामा द्यावा लागला. पुढे खटले उभे राहिले, आणि २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात ते माजी पंतप्रधान व दुसरे एक बडे पुढारी असे दोघेही निर्दोष सुटले. ज्याने आरोप केला त्याची उलटतपासणी कोण घेणार? आरोपकर्त्याबरोबर त्याचा आरोपही अर्धमेला झाला. २०१८ च्या जुलैत रोह होय-चान हे मजुरांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेले पुढारी गेले. चार कोटी वॉन घेतले आणि ते नियमाप्रमाणे जाहीर केले नाहीत, हे त्यांनी आपल्या अखेरच्या पत्रात मान्य केले होते. ही कबुली त्यांनी जिवंतपणी, न्यायासनासमोर दिली असती, तर शिक्षा भोगून ते पुन्हा माणसांत आले असते. त्या देशात ते अशक्य नव्हते.

या तिन्ही हकीकतींत एक गोष्ट सारखी आहे. ज्या दिवशी पैसा घरात आला त्या दिवशी कोणासही मरावेसे वाटले नाही. तो घरात आला हे जगास कळण्याची वेळ आली, तेव्हा जीव नकोसा झाला.

आमचे आयुष्य शाळेत गेले, म्हणून आम्हांस हा भेद थोडा अधिक परिचयाचा आहे. परीक्षेत शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेताना सापडलेला मुलगा रडतो. ते रडणे चोरीबद्दलचे आहे की सापडल्याबद्दलचे, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. त्यास एवढेच सांगावे, की ही गोष्ट तुझ्या वडिलांस किंवा वर्गास कळविली जाणार नाही. एकाचे रडे त्यासरशी थांबते, दुसऱ्याचे थांबत नाही, आणि तो आपण होऊन म्हणतो, "मास्तर, माझे गुण कापा." पहिल्या मुलाची लाज लोकांच्या डोळ्यांत वसते, दुसऱ्याची त्याच्या स्वतःच्या मनात. वय वाढले म्हणून हा भेद पुसला जात नाही. फक्त उत्तरपत्रिकेच्या जागी कचेरीतील कागद येतात.

तेव्हा लाज दोन प्रकारची आहे, असे आम्ही समजतो. एक कृत्याची, दुसरी उघडकीची. कृत्याची लाज वेळेवर येते. हात पुढे होण्यापूर्वी ती मनगट धरते. उघडकीची लाज उशिरा येते, पोलीस दाराशी आल्यावर येते, आणि तेव्हा तिच्या हातून काही सुधारण्यासारखे उरलेले नसते. तुरुंगातून सुटून हार घालून घेणारा पुढारी आणि आरोपासरशी जीव देणारा अपराधी अधिकारी हे परस्परांच्या उलट टोकांस आहेत असे आपण मानतो. वस्तुतः पहिल्या प्रकारच्या लाजेला दोघेही पारखे झालेले असतात. एकास दुसरी असते आणि एकास तीही नसते, एवढाच फरक. त्यातही ही उघडकीची लाज अपराधी आणि निरपराधी यांत निवड करीत नाही. खोटा आरोप आलेला माणूसही तिच्या भाराखाली चिरडतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर लोक म्हणतात, "काहीतरी असल्याशिवाय का असे केले!"

येथे कोणी गीतेचा आधार काढील. संभावित पुरुषास अपकीर्ती मरणाहून अधिक होय, असे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे हे खरे. परंतु ते कोणास व कशासाठी सांगितले हे विसरू नये. धनुष्य टाकून रथात बसलेल्या अर्जुनास रणातून निघून जाऊ न देण्यासाठी तो उपदेश आहे. 'लोक म्हणतील, हा भयाने पळाला' असे जे भय भगवंत त्यास घालतात, ते त्याला उभे करण्याकरिता. चौकशीच्या मैदानातून कायमचे निघून जाणाऱ्याने त्या वचनाचा आधार घेणे म्हणजे वचनाचा अर्थ उलटा करणे होय.

मनुस्मृतीत चोराच्या प्रायश्चित्ताचा जो प्रकार सांगितला आहे तो या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. सुवर्णाची चोरी करणाऱ्याने केस मोकळे सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन, धावत राजाकडे जावे, आपल्या तोंडाने आपले कर्म सांगावे आणि शिक्षा मागावी. राजाने त्यास शिक्षा केली किंवा सोडून दिले तरी तो दोषमुक्त होतो. मात्र शिक्षा करावयाची ती न केल्यास चोराचे पाप राजास लागते. अन्य चोऱ्यांच्या बाबतीत, चोरलेली वस्तू धन्यास परत करून मग प्रायश्चित्त घ्यावे, असा क्रम आहे. त्या काळच्या शिक्षा आज कोणी मागणार नाही आणि मागूही नयेत. परंतु त्यामागील क्रम पाहावा: आपल्या तोंडाने सांगणे, घेतलेले परत करणे, दंड सोसणे. जीव देऊन यांपैकी एकही गोष्ट घडत नाही. रयतेचा पैसा जेथे गेला तेथेच राहतो, आणि राजावर म्हणजे आजच्या भाषेत शासनावर, शिक्षा करण्याचे जे कर्तव्य होते तेही अपुरे राहते.

आता आपल्या भूमीकडे वळू. अपयशाच्या बोलाने प्राण देण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्याच भागातील आहे. सरनोबत प्रतापराव गुजर हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील भोसरे गावचे. १६७३ साली उमराणी येथे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात, त्यांनी विजापूरच्या बहलोलखानास कोंडीत धरले. परंतु तो शरण येताच त्यास जाऊ दिले. महाराजांस हे मानवले नाही, आणि त्यांचा कठोर निरोप प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत, सैन्याची वाट न पाहता, मूठभर सोबत्यांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले व कामास आले. त्यांनी कोणाचा पैसा खाल्ला नव्हता, आणि ते रणात पडले. म्हणून त्यांचे नाव या लेखातील इतर नावांच्या पंक्तीस बसवावयाचे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की कथेचा पुढील भाग आपण मुलांस सांगत नाही. राज्याभिषेकास साडेतीन महिने उरले असता स्वराज्याने आपला सेनापती गमावला. शत्रूस हटविण्याचे काम त्यांच्या मरणाने झाले नाही. ते त्यांच्या मागून सरनोबत झालेल्या तळबीडच्या हंसाजी मोहित्यांस, म्हणजे हंबीररावांस, करावे लागले. महाराजांस या मृत्यूचे इतके दुःख झाले, की पुढे राजारामांसाठी त्यांनी प्रतापरावांचीच कन्या सून करून आणली. धन्याने हाताखालच्या माणसास किती बोलावे आणि परतीची वाट किती मोकळी ठेवावी, याचा धडाही या कथेत आहे. आपण मात्र सात घोडेस्वारांचे चित्र तेवढे भिंतीवर लावतो.

लाचलुचपतीचे खरेखुरे प्रकरण याहून दोनशे वर्षे अलीकडचे आहे, आणि त्याची आठवण आपल्या घरांतून जवळजवळ पुसली गेली आहे. १८८८ साली मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचे कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे होते. १८६५ पासून मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून त्यांनी मोठे नाव मिळविले होते. आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव असलेली मुंबईची मंडई पूर्वी त्यांच्याच नावाने ओळखली जात असे. गृहस्थ हुशार, धडाडीचे, आणि हात सढळ असल्यामुळे कर्जात बुडालेले. त्यांच्या विभागाचे ठाणे पुण्यास होते आणि सातारा जिल्हा त्याच विभागात मोडत असे. तो जिल्हाही तेव्हा मोठा होता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. मामलेदारांच्या बढत्या व बदल्या कमिशनरांच्या मर्जीवर असत. हणमंतराव राघवेंद्र या मध्यस्थाच्या हाती रक्कम पोचली म्हणजे सोईचा तालुका मिळतो आणि न पोचली म्हणजे गैरसोईचा, हे कचेऱ्यांतून कुजबुजले जात होते.

गव्हर्नर लॉर्ड रे यांनी चौकशीचा निश्चय केला. परंतु लाच ही गोष्ट दोघांतच घडते, आणि देणाऱ्याने तोंड उघडल्याशिवाय ती सिद्ध होत नाही. म्हणून सरकारने अभयवचन दिले, की जो खरे सांगेल त्यावर खटला होणार नाही व त्याची नोकरीही जाणार नाही. त्या वचनावर विसंबून मामलेदार पुढे आले. आज आपणांस याची कल्पना करणे कठीण आहे. आपल्यासारख्याच घरांतील हे लोक. गावात त्यांस 'रावसाहेब' म्हणावयाचे, त्यांच्या मुलींची स्थळे त्या पदाकडे पाहून ठरावयाची. आणि त्यांनी भर चौकशीत उभे राहून सांगावयाचे, की होय, आम्ही पैसे दिले. साक्ष द्यावयाची तीही ज्याच्या हातात आपली भाकरी होती अशा गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध. आपला दोष आपल्या तोंडाने सांगण्याचे कठीण काम त्यांनी केले.

त्याचे फळ काय मिळाले? हणमंतरावास तुरुंगवासाची शिक्षा झाली. क्रॉफर्डसाहेबांच्या चौकशीस तीन सदस्यांचे कमिशन बसले. लाचेचे आरोप सिद्ध होत नाहीत, मात्र विभागातील लोकांकडून त्यांनी कर्जे काढली हे सिद्ध आहे, असा त्याने निर्णय दिला. साहेब सेवेतून दूर झाले, पुढे विलायतेत राहून त्यांनी पुस्तके लिहिली, आणि ते १९११ साली वारले. इकडे साक्षीदारांवर मात्र गहजब उठला. पैसे देऊन जागा मिळविणारे लोक मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायासनावर बसतातच कसे, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून आणि पार्लमेंटातून विचारला जाऊ लागला. प्रश्न चुकीचा नव्हता. परंतु तो अभयवचन देण्यापूर्वी विचारावयाचा होता. १८८९ साली व्हाइसरॉयांच्या कायदेकौन्सिलात कायदा करून या मामलेदारांस खटल्यांपासून संरक्षण देण्यात आले. पण नोकरीच्या बाबतीत दोन वर्ग पाडले गेले. ज्यांच्याकडून दडपणाने पैसे उकळले गेले असे ठरले ते राहिले. ज्यांनी आपखुशीने दिले असे ठरले त्यांस काढून टाकण्यात आले. अर्थात वचन अर्धे पाळले गेले. तेहतीस वर्षांच्या बाळ गंगाधर टिळकांनी या प्रसंगी मामलेदारांची बाजू घेतली. पुण्यात जाहीर सभा भरली, आणि सरकारने दिलेला शब्द पाळावा अशी मागणी झाली. लाच देणे निर्दोष आहे असे टिळकांचे म्हणणे नव्हते. सत्य सांगणाऱ्याचा विश्वासघात झाला तर पुढे कोणीही सत्य सांगावयास येणार नाही, हे त्यातील मर्म होते.

आम्हांस या प्रकरणात सर्वांत खटकते ते हे, की लाज चुकीच्या घरी गेली. देणाऱ्यांत पुष्कळ जण असे असतील की जे गप्प बसले, आणि त्यांस कोणी काही विचारले नाही. निवृत्त होऊन ते गावात सन्मानाने राहिले असतील. जे बोलले त्यांतील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. 'गप्प बसावे हेच शहाणपण' ही समजूत आपल्या नोकरपेशा घरांत जी खोल मुरली आहे, तिच्या मुळाशी असले अनुभव नसतील असे आम्हांस म्हणवत नाही.

कौटिल्य या बाबतीत अधिक व्यवहारी होता. सरकारी द्रव्य हरण करण्याचे चाळीस प्रकार त्याने मोजून सांगितले आहेत. पण तो मोजणी करून थांबला नाही. अधिकाऱ्यावर आरोप आला की ज्यांस ज्यांस त्याने नाडले असेल त्यांनी कळवावे अशी दवंडी पिटावी, आणि ज्याचे जेवढे गेले असेल तेवढे त्यास भरून द्यावे, असे त्याचे सांगणे आहे. अपहार उघडकीस आणून सिद्ध करणाऱ्यास त्यातील सहावा हिस्सा, आणि तो सूचक स्वतः नोकर असेल तर बारावा हिस्सा द्यावा, असाही नियम त्याने घातला. खोट्या सूचकास दंडही सांगितला आहे. सांगणाऱ्याची बाजू बळकट केल्यावाचून चोर सापडत नाही, हे तो जाणून होता.

आजच्या कायद्याने १८८९ चा तो जुना भेद निराळ्या रूपाने उचलला आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, आणि लाच देणाराही स्पष्टपणे अपराधी ठरला. मात्र ज्यास भाग पाडून लाच द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत तपासयंत्रणेस कळविले तर तो अपराधी होत नाही. लाच देण्यापूर्वीच कळवून सापळ्यास साहाय्य करणाऱ्यासही संरक्षण आहे. महाराष्ट्रात यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ पासून काम करीत आहे, आणि १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते. सात दिवसांची ही मुदत आमच्या मते फार अर्थपूर्ण आहे. वेळेवर आलेल्या लाजेस कायद्याने दिलेली ती मुदत होय.

अशी वेळेवर केलेली तक्रार काय करू शकते, हे साताऱ्याने नुकतेच पाहिले. २०२४ च्या डिसेंबरात तेथील एका सत्र न्यायाधीशांवर, जामिनासाठी पाच लाख रुपयांची लाच मागितल्याचा गुन्हा नोंदविला गेला. तक्रार देणारी एक तरुणी होती आणि तिचे वडील अटकेत होते. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या न्यायाधीशांस सेवेतून बडतर्फ केले. फौजदारी आरोपाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे, तो आपण घरबसल्या करू नये. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या मुलीविषयी. बाप तुरुंगात असता, जेथून त्याची सुटका व्हावयाची त्याच न्यायासनाविरुद्ध जाण्यास केवढे धैर्य लागले असेल! 'देऊन टाकू आणि मोकळे होऊ' असे सांगणारी माणसे तिलाही भेटली असतील.

साताऱ्यापासून अगदी जवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, क्षेत्र माहुली आहे. रामशास्त्री प्रभुण्यांचे ते गाव. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांस दोषी ठरविणारे रामशास्त्री सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी दुसरी एक आख्यायिका सांगतात, ती घरातील आहे. त्यांच्या पत्नी एकदा वाड्यावर गेल्या असता त्यांस मौल्यवान वस्त्रालंकार घालून पालखीतून परत पाठविण्यात आले. शास्त्रीबोवांनी दारातच भोयांस सांगितले, की ही बाई दुसऱ्या कोणाच्या घरची दिसते, तुम्ही घर चुकला आहा. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली यातच तिचे मोल आहे. सचोटीची परीक्षा कचेरीत होण्याआधी उंबऱ्यावर होते, हे आपल्या पूर्वजांस कळत होते.

वाल्या कोळ्याची गोष्टही हेच सांगते. आपण ज्यांच्यासाठी लुटतो ती बायकामुले पापाची वाटेकरी होतील, अशी त्याची समजूत होती. नारदांनी विचारावयास सांगितले, त्याने विचारले, आणि त्याचे डोळे उघडले. या गोष्टीत आपण नेहमी वाल्याकडे पाहतो. आम्हांस वाटते, की कुटुंबाकडेही पाहावे. पापात वाटा नको असे त्यांनी सांगितले खरे. पण वाल्याने येऊन विचारीपर्यंत, रोज घरी येणारे धन कोठून येते, हा प्रश्न त्यांनी त्यास केला नव्हता. पगार किती आणि खर्च किती, हे घरातील प्रत्येक शहाण्या माणसास कळते. नवी सदनिका, मुलाची परदेशातील फी, लग्नातील सोने यांचा हिशेब पगारात बसत नसेल, तर ते विचारण्याचा अधिकार पत्नीस आहे, वृद्ध आईबापांस आहे, मिसरूड फुटलेल्या मुलासही आहे. हा प्रश्न वेळेवर विचारला तर घरात चार दिवस अबोला राहील. न विचारला तर काय होऊ शकते, हे दिल्लीत २०१६ साली दिसले. केंद्र सरकारच्या कंपनी खात्यातील एका बड्या अधिकाऱ्यास लाचेच्या आरोपावरून अटक झाली. तीन दिवसांत त्याची पत्नी व मुलगी यांनी, आणि सुमारे दोन महिन्यांनी तो स्वतः व त्याचा मुलगा यांनी आयुष्य संपविले. तपास करणाऱ्यांनी आपला छळ केला असा आरोप त्याने मागे ठेवला. आरोप एका माणसावर होता. चार माणसे गेली. आणि खटला चाललाच नाही.

म्हणून घराचे कर्तव्य दुहेरी आहे असे आम्ही म्हणतो. पैसा दाराशी येईल तेव्हा घराने कठोर व्हावे, आणि माणूस कलंक घेऊन दाराशी येईल तेव्हा मऊ व्हावे. आपण बहुधा याच्या उलट वागतो. मिळकत वाढते तेव्हा कौतुक, आणि निलंबनाचा कागद आला की भाऊबंद फोन उचलीत नाहीत, शेजारी जिन्यात मान वळवितात, विहीण मुलीस टोमणे मारते. आरोपी माणसाने तोंड दाखवू नये अशी तजवीज आपण करतो, आणि त्याने खरोखरच तोंड लपविले म्हणजे त्याची तुलना कोरियाशी करून त्याला मानी ठरवितो. अशा माणसास त्याच्या घरातून एवढेच ऐकू यावे: "जे घडले असेल ते सांग. घेतले असेल तर परत कर. शिक्षा होईल ती भोग. आम्ही भेटीस येऊ." ज्याचे मन फारच खचले असेल त्यास एकटे सोडू नये, १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस ही सेवा अहोरात्र चालते, तेथे बोलण्यास घरच्यांनीच त्यास उद्युक्त करावे, आणि तो बोलत नसेल तर आपण बोलावे.

आणि बैठकीत पुन्हा कोणी कोरियाचा दाखला काढील तेव्हा त्यास विचारावे, की त्या मृत्यूने रयतेचा एक तरी पैसा परत आला काय. हार घालणे वाईटच आहे. ते बंद करावयाचे तर हार घालावयास आपण जाऊ नये, आपल्या ओळखीच्यांस जाऊ देऊ नये, आणि मत देताना ते स्मरावे. एवढे सर्व आपल्या हातात आहे. दुसऱ्याने जीव द्यावा ही अपेक्षा करणे सोपे. आपल्या घरात आलेल्या मिठाईच्या पेटीखाली काय आहे हे उघडून पाहणे, आणि ती आल्या पावली परत पाठविणे, हे कठीण. दिवाळी जवळ आली म्हणजे अशा पेट्या पुष्कळ घरी येतात. त्या घेण्यासाठी बहुधा मुलेच दार उघडतात, म्हणून काय घ्यावयाचे आणि काय नाही, हे त्यांसच प्रथम सांगून ठेवावे.